तारकांचा जन्म-मृत्यू आणि कला

तारकांचा जन्म-मृत्यू आणि कला : आकाशात एखादा तारा अकस्मात उजळणे व विझणे या घटनांचे चित्र-शिल्पांतील पडसाद. प्राचीनांनी ज्यास नव्या ताऱ्याचा जन्म मानले, तो बहुधा त्याचा मृत्यूच होता. प्रचंड ताऱ्याचा गाभा ढासळून किंवा श्वेतबटूचा स्फोट होऊन अतिदीप्त नवतारा प्रकटतो व कालांतराने नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होतो.

भारतात याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण काश्मीरमधील बुर्झहोम येथील नवाश्मयुगीन शिलापट्टाचे होय. त्यावर शिकारी, हरिण व माथ्यावर दोन तेजोगोल कोरलेले आहेत. आकाशात दोन सूर्य कसे? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया व त्यांच्या सहकाऱ्यांच्या मते एक गोल चंद्र अथवा सूर्य असून दुसरा सारथी तारकासमूहातील एचबी ९ हा अतिदीप्त नवतारा (इ. स. पू. सु. ४६००) असावा, शिकारी म्हणजे मृग नक्षत्र व हरिण म्हणजे वृषभ. कल्पना मोहक आहे. तथापि वसाहतीचे थर इ. स. पू. ३००० च्या आसपासपासूनचे मानतात, तेव्हा मधली शतके स्मृतीने कशी ओलांडली, हे सांगावे लागते. शिकारीचे साधे दृश्य हा पर्यायही उरतोच.

ऐतिहासिक काळात तर शांतताच आढळते. १००६ मध्ये वृक तारकासमूहात उजळलेला तारा चिनी, अरबी व स्वित्झर्लंडमधील नोंदींत आहे. मंद्रूप (जि. सोलापूर) परिसरातून तो दक्षिणेस क्षितिजापासून सु. ३४° उंचीवर सहज दिसला असता. याच दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग कुडल येथे, भीमा-सीना संगमावरील संगमेश्वर मंदिरात, आनंद कुंभार यांनी उजेडात आणलेला मराठी शिलालेख अवघ्या बारा वर्षांनंतरचा (शके ९४०, इ. स. १०१८) आहे, त्यात वाचणाऱ्याचे शुभचिंतन आहे, ताऱ्याचा निर्देश नाही. जयंत नारळीकर व सरोजा भाटे यांनी संस्कृतादी वाङ्मयात अशा ताऱ्यांचा शोध घेतला (२००१), पण निःसंदिग्ध नोंद मिळाली नाही.

दुर्बिणीनंतर चित्रकाराची जागा निरीक्षकाने घेतली. लॉर्ड रॉस यांच्या १८४४ मधील रेखाटनावरून १०५४ च्या ताऱ्याच्या अवशेषास ‘खेकडा अभ्रिका’ हे नाव रूढ झाले. तारकाजन्माची प्रतिमा मात्र त्यामानाने अलीकडची. हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये भुजंग तारकासमूहातील गरुड अभ्रिकेच्या वायुस्तंभांचे चित्र टिपले. त्यातील रंग डोळ्यांना दिसणारे नव्हेत : गंधकास लाल, हायड्रोजनास हिरवा व ऑक्सिजनास निळा, अशी ती योजना आहे. तेच स्तंभ २०२२ मध्ये वेब दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात टिपले, तेव्हा धुळीआडचे नवजात तारे स्पष्ट झाले.