कॅसेट नावाची चिप

१५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये निन्टेन्डोचे ‘फॅमिली कॉम्प्युटर’ विक्रीस आले, ज्याच्या स्वस्त नकला १९९० च्या दशकात ‘व्हिडिओ गेम’ या नावाने भारतातील घराघरांतल्या टीव्हीला जोडल्या गेल्या. त्यांत खोचायच्या साठ पिनांच्या खोक्याला मराठीत ‘कॅसेट’ म्हणत, जरी तिच्यात फीत नसून एक आज्ञावलीची आणि एक चित्रांची अशा दोन स्मृती असत.

स्वतः लिहिलेला खेळ यंत्रावर तपासायचा तर कारखान्यातच मजकूर कोरलेल्या या चिपा काढून, तेथे सॉकेट झाळून ‘इप्रॉम’ बसवावी लागे. इंटेलने १९७१ मध्ये आणलेली ही स्मृती विजेने लिहिली जाते आणि पाठीवरच्या काचेच्या बारीक खिडकीतून अतिनील प्रकाश पाडला की काही मिनिटांत कोरी होते. म्हणून लिहून झाल्यावर त्या खिडकीवर कागदी चिकटपट्टी लावत. पुसणे, लिहिणे, खोचणे, चूक सापडली की पुन्हा पुसणे, अशा चिकाटीचे हे काम खरोखर कौतुकास्पद होते.

भारतात मात्र एक अडचण होती: ‘९९९९ इन १’ छापाच्या कॅसेटमध्ये सुटी चिपच नसे, सिलिकॉनचा तुकडा थेट पट्टीवर चिकटवून त्यावर डांबरासारखा काळा थेंब ओतलेला असे आणि तो उकलून दुसरी स्मृती बसवणे जवळजवळ अशक्यच असे.