वजन उचलताना दम का रोखतो आपण? एका जुन्या युक्तीचा इतिहास

जड पोते उचलताना, शौचाला कुंथताना किंवा जिममध्ये बारबेल उचलताना आपण नकळत दम रोखतो. याला वैद्यकशास्त्रात ‘वल्साल्वा क्रिया’ म्हणतात. गंमत म्हणजे या नावाचा उगम व्यायामशाळेत नाही, तर कानाच्या उपचारात आहे.

अंतोनियो वल्साल्वा (१६६६–१७२३) हे इटलीतील बोलोन्याचे शरीररचनातज्ज्ञ. १७०४ साली त्यांनी मानवी कानावर ग्रंथ प्रसिद्ध केला. नाक-तोंड बंद करून जोराने श्वास बाहेर ढकलल्यास मधल्या कानातला पू निघायला मदत होते, असे त्यांनी त्यात सांगितले.

याच क्रियेत छातीतला आणि पोटातला दाब वाढतो. पोट घट्ट झाले की कण्याला आतून आधार मिळतो. म्हणून वेटलिफ्टर वजन उचलण्याआधी खोल श्वास घेऊन तो रोखतात. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा, इथे दोन कामे करतो: श्वास घेणे आणि धड स्थिर ठेवणे.

हे स्नायू सरावाने बळकट होतात का? १९७६ मध्ये अमेरिकेतील लीथ आणि ब्रॅडली यांनी निरोगी माणसांकडून ५ आठवडे सराव करून घेतला. ताकदीचा सराव करणाऱ्या गटात श्वसनस्नायूंची ताकद सुमारे ५५ टक्क्यांनी वाढली.

मग वॉर्म-अपचा विचार पुढे आला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नौकानयनपटूंनी शर्यतीसारख्या चाचणीआधी अडथळ्याविरुद्ध श्वास घेतला: ३० श्वास, दोन वेळा, आपल्या कमाल जोराच्या ४० टक्के जोराने. त्यांची कामगिरी सुधारली आणि धापही कमी लागली. पण वल्हवणारा खेळाडू काही मिनिटे सतत श्वास घेत असतो. वेटलिफ्टरची उचल काही सेकंदांत संपते. त्यामुळे एकाचा फायदा दुसऱ्याला तसाच मिळेल, असे धरून चालू नये.

या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा धडा १९८५ चा आहे. कॅनडातील मॅकडुगल आणि सहकाऱ्यांनी अनुभवी शरीरसौष्ठवपटूंच्या दंडाच्या धमनीत नळी घालून व्यायाम चालू असताना रक्तदाब मोजला. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला. एकाचा तर ४८०/३५० च्याही वर! निरोगी शरीर हा दाब क्षणभर सोसते. रोगट रक्तवाहिनी तो सोसेलच असे नाही.

म्हणून उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी दम रोखून वजन उचलू नये. वजन हलके ठेवा, उचलताना श्वास सोडा, खाली आणताना घ्या. जिम सुरू करण्याआधी रक्तदाब मोजून घ्या आणि आपल्या डॉक्टरांशी बोला. वेटलिफ्टरची युक्ती त्याच्या वर्षानुवर्षांच्या तयारीसोबत येते. नुसती युक्ती उसनी घेऊ नका.