धावपळीतही पाळता येणारा आहार

बीड जिल्ह्यातील नोकरदारांचे पथ्य मोडते, ते बहुधा जेवणात नव्हे, तर कार्यालयातील साखरेच्या चहात आणि सोबतच्या भज्यांत. दिवसातून पाच-सहा वेळा मोजून खाणे धावपळीत अनेकांना जमत नाही. अशांना शेजारच्या लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत सोयीची वाटते. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर ती आधारलेली आहे. २०१८ मध्ये राज्य शासनाने डॉ. दीक्षित यांना स्थूलताविरोधी अभियानाचे सदिच्छादूत नेमले.

नियम मोजकेच आहेत. कडक भुकेच्या दोन वेळा ओळखून प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवावे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा चालतो. प्रत्येक खाण्याबरोबर इन्सुलिन स्रवते व त्यामुळे चरबी साठते, अशी त्यामागील मांडणी आहे.

परळी-अंबाजोगाई असा रोज एसटीने प्रवास करणाऱ्यांनी एक जेवण निघण्यापूर्वी व दुसरे परतल्यावर ठेवावे. ताटात भाकरी, उसळ, पालेभाजी असावी. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याविना जेवण टाळू नये. रक्तातील साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो.