खाजण, मानस आणि मासळी : गोमंतकातील एका जुन्या समतोलाचा इतिहास

मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या मुखाकडील सखल प्रदेशात, भरतीच्या पाण्याखाली जाऊ शकणारी परंतु बांध घालून राखलेली जी जमीन आहे, तिला गोमंतकात खाजण म्हणतात. अशा जमिनीचे एकंदर क्षेत्र १८,००० हेक्टरांच्या आसपास धरले जाते. पावसाळ्यात येथे भात पिकते आणि पीक निघाल्यावर त्याच भूमीत खारे पाणी घेऊन मासळी धरली जाते. रक्षित पाणथळ भूमीत मत्स्यसंवर्धनास किती वाव द्यावा, हा प्रश्न अलीकडच्या काळात न्यायालयांपुढे आणि संसदेपुढे वारंवार आला आहे. तो प्रश्न खाजणाने पूर्वी कसा सोडविला होता आणि ती सोडवणूक पुढे का मोडली, एवढेच या टिपणात पाहावयाचे आहे. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्यामुळे आरंभ शब्दापासून केला आहे. वाचकांनी तो क्षम्य मानावा.

'खाजण' हा शब्द रोमन लिपीत लिहिताना 'झ'चा भास होतो आणि त्यामुळे त्याचा संबंध अरबी 'खजाना' या शब्दाशी असावा असा समज होण्याचा संभव असतो. तो समज टिकणारा नाही. बांदोडे येथे सापडलेल्या, मौर्यवंशीय अनिर्जितवर्मा या राजाच्या ताम्रपटात 'खज्जन' असे रूप आढळते. लिपीवरून हा ताम्रपट सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराचा ठरतो. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर अरबी शब्द रूढ होण्याच्या पुष्कळ आधीपासून हा शब्द येथे नांदत होता. या दानात भूमी दिली आहे ती पिकती म्हणून नव्हे, तर पिकती करावयाची म्हणून, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. खाजण हे निसर्गाने दिलेले क्षेत्र नव्हे. ते माणसाने घडविलेले आणि रोज राखावे लागणारे क्षेत्र आहे. 'पाणथळ भूमी' या आजच्या पारिभाषिक शब्दात या अर्थाचा मागमूसही नाही. पुढे जो घोटाळा झाला त्याचे एक बीज येथेच आहे.

या रचनेचे मर्म मानशीत आहे. मानस म्हणजे बांधातील पाण्याची दारे. ती लाकडी असून अशी बसविलेली असतात की भरतीचे पाणी चढू लागले म्हणजे त्याच्याच दाबाने ती मिटतात आणि ओहोटी लागली म्हणजे आतील पाण्याच्या दाबाने उघडतात. मानशीच्या आतील बाजूस पाणी साठावे म्हणून खोल भाग राखलेला असतो. त्यास पोंय म्हणतात. बांध चिखलमाती, गवत आणि जांभा दगड यांचा. पावसाळ्यात खारे पाणी बाहेर ठेवून कोरगुटासारखे खारवट जमीन सोसणारे भात घ्यावयाचे, आणि कापणीनंतर भरतीबरोबर पाणी आत सोडावयाचे. त्या पाण्याबरोबर सुंगटे, शेवटे, चोणक, काळुंद्री, कुर्ल्या यांची पिले आत येतात आणि शेतातील धसकटांच्या कुजण्याने समृद्ध झालेल्या पाण्यात वाढतात. रात्रीच्या ओहोटीस मानशीच्या तोंडाशी जाळे लावले की मासळी मिळते. येथे खाद्य टाकावे लागत नाही, बीज विकत आणावे लागत नाही, पाणी उपसावे लागत नाही. बांधाबाहेर तिवर आणि कांदळ यांची राई असते. ती लाटांचा मार बांधावर येऊ देत नाही, आणि मासळीची पिले वाढतात तीही तिच्याच मुळांच्या आश्रयाने. रान, शेत आणि मासळी यांची अशी सांगड असल्यामुळे एकाचा लोभ धरून दुसऱ्याचा नाश करणे परवडणारे नव्हते.

परंतु निव्वळ भूमीची घडण म्हणून ही सांगड टिकली असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ती टिकली गावकरीच्या व्यवस्थेमुळे. गोमंतकातील गावकऱ्यांचे रीतिरिवाज अफोंसो मेशिया याच्या १५२६च्या सनदेत नोंदले गेले. पोर्तुगीज अमदानीत याच संस्था कोमुनिदाद या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या आणि १९६१च्या एप्रिल महिन्यात त्यांची शेवटची पोर्तुगीज संहिता निघाली. मानशीवरील मासेमारीचा हक्क पावणीने, म्हणजे लिलावाने, दिला जाई. पावणीचा पैसा गावाच्या सामाईक जमेत पडे आणि बांधाची डागडुजी त्याच जमेतून होई. मक्तेदारास मासळी मिळे. पण दार केव्हा उघडावयाचे हे ठरविणे त्याच्या हाती नसे. मासळीचे उत्पन्न आणि बांधाचे दायित्व ही एकाच खात्याची दोन पाने होती. या लेखातील सारा युक्तिवाद या एका वाक्यावर उभा आहे.

उत्तर कोकणातही हेच तत्त्व निराळ्या वेषात आढळते. ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत खाडीची जमीन बांध घालून पिकती करणाऱ्यास शिलोत्रीदार म्हणत आणि बांधाच्या दुरुस्तीसाठी तो कुळांकडून सरकारी साऱ्याखेरीज धान्य घेई. स्वातंत्र्यानंतर १९४८च्या मुंबई खारभूमी कायद्याने ही जबाबदारी मंडळाकडे नेली. अलिबाग-पेणच्या खारेपाटात घराजवळच्या तळ्यात जिताडा पाळण्याची चाल आहे. तीही शेताच्या आधाराने वाढलेली मत्स्यशेतीच. असो.

गावकरीचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. चिखल उपसणारे, फुटक्या बांधावर रात्री छातीभर पाण्यात उभे राहणारे हात बहुशः गावकारांचे नव्हते, आणि वार्षिक जोणाचा वाटा त्या हातांस मिळत नव्हता. गोवा मुक्त झाल्यावर १९६४चा कूळ कायदा आला तो या अन्यायाच्या निवारणार्थ, आणि तो आवश्यकच होता. १९७६च्या दुरुस्तीने कूळ जमिनीचे मालकही झाले. बांधांची सामाईक जबाबदारी कोमुनिदादीकडून कुळांच्या संघांकडे गेली आणि १९७५मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र नियम झाले. मालकी प्रत्येकाची वेगळी झाली. बांध मात्र सर्वांचा एकच राहिला. पुष्कळ ठिकाणी संघाच्या हाती पावणीचा पैसा आला, पण त्याबरोबर बांधाची चिंता आलीच असे झाले नाही.

याच सुमारास दोन बाह्य कारणे येऊन मिळाली. नदीमार्गे लोहखनिज नेणाऱ्या बार्जांच्या लाटांनी बांधांच्या कडा ढासळू लागल्या. आणि कोळंबीस परदेशी बाजारपेठ लाभल्यामुळे मानशीचा मक्ता भातापेक्षा मोलाचा ठरू लागला. मग काही ठिकाणी पीक उभे असतानाच दारे उघडी राहू लागली, काही ठिकाणी बांध फुटला तो दुरुस्तच झाला नाही. बांध फुटणे एखाद्यास फायद्याचे व्हावे, ही गोष्ट जुन्या व्यवस्थेत कल्पनेबाहेरची होती. खारे पाणी बारमाही राहिले की शेत नासते; आणि काही वर्षांत तेथे कांदळे रुजतात.

या ठिकाणी कायद्याचा प्रवेश होतो. १९९१च्या किनारा नियमन अधिसूचनेने कांदळवनास सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात घातले. पुढे ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथ यांच्या याचिकेवरील निर्णयात किनारा नियमन क्षेत्रातील कोळंबीची कृत्रिम तळी पाडण्याचा आदेश दिला. शेतजमीन, मिठागरे, कांदळवने यांचे तळ्यांत रूपांतर करण्यास मनाई केली. मात्र पारंपरिक व सुधारित पारंपरिक पद्धतींस त्यातून वगळले. खाजणाच्या दृष्टीने हा अपवाद न्याय्य होता. परंतु 'पारंपरिक' हे विशेषण तळ्याच्या बांधणीस लावावयाचे की त्यामागील गावव्यवस्थेस, हा प्रश्न शिल्लकच राहिला. नाव तेच, जागा तीच, जाळे तेच. पण ज्याच्या पावणीतून बांधास एक टोपलीभर मातीही मिळत नाही, त्या मानशीस पारंपरिक म्हणणे हा शब्दाचा अपव्यवहार आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. संसदेने २००५मध्ये किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा केला आणि २०२३च्या दुरुस्तीने अशा संवर्धनास किनारा नियमन क्षेत्रातही मान्यता असल्याचे स्पष्ट केले. या दोन्ही वेळी चर्चा मुख्यतः तळ्यांची झाली. भरतीओहोटीच्या दाबाने चालणाऱ्या दाराची झाली नाही.

विसंगती सर्वांत उघड दिसते ती फुटलेल्या खाजणात. बांधाबाहेरील कांदळ हे खाजणाचे कवच. बांधाआडचे कांदळ हे खाजण मेल्याची खूण. कायद्याच्या नजरेस दोन्ही झाडे सारखीच. त्यामुळे ज्याच्या हलगर्जीपणाने शेत बुडाले त्यास काही बोल लागत नाही आणि जो बांध पुन्हा घालून भात लावू पाहतो तो वनाचा शत्रू ठरतो. २०११च्या किनारा अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतुदी झाल्या तेव्हा खाजणांचे नकाशे करावेत, त्यांलगतच्या कांदळवनांचे रक्षण व्हावे आणि खाजणांच्या व्यवस्थापनाची योजना आखावी, असे नमूद झाले. खाजण हा देशी शब्द केंद्रीय अधिसूचनेच्या इंग्रजी मजकुरात जसाच्या तसा आला, याचा भाषेच्या अभ्यासकास आनंद वाटणे साहजिक आहे. मात्र 'लगतची' म्हणजे बांधाच्या कोणत्या अंगाची, याचा खुलासा त्या मजकुरात नाही.

मांडवीतील चोडण बेटाच्या पश्चिम टोकास १९८८पासून डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे; त्याचे क्षेत्र १७८ हेक्टर, आणि त्यातील वन कांदळांचे. त्याच बेटावर, त्याच नदीच्या भरतीवर, बांधाआड खाजणे आहेत आणि त्यांच्या मानशी आहेत. ओहोटीच्या वेळी चिखलावर उतरणारा बगळा अभयारण्याची हद्द पाहून उतरत नाही. जे पाणी कांदळांच्या मुळांतून कोळंबीची पिले घेऊन निघते तेच पुढे मानशीच्या दारातून आत येते. टोकाचे रान वनखात्याकडे, शेते कुळांकडे, बांध संघाकडे आणि मासळी मक्तेदाराकडे, अशी आता वाटणी आहे. पावणी दर वर्षी होते. तिच्या अटींमध्ये बांधाचे कलम पुन्हा घालण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.