मौनाला मनाई

आभाळ भरून आलं की मनावरही मळभ येतं, हे आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. वैद्यकात मात्र ऋतूनुसार येणाऱ्या या उदासीला स्वतंत्र नाव मिळालं ते १९८४ साली, अमेरिकेतल्या डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे. थंड देशांत हिवाळी दिवस पाच-सहा तासांवर येतो, तेव्हा काहींची झोप वाढते, गोड खावंसं वाटतं, कशातच जीव रमत नाही. रोज सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसणं, हा त्यावरचा रूढ उपचार.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात डिसेंबरचा लहानात लहान दिवसही अकरा तासांच्या आसपास असतो. आपले अंधारे महिने पावसाचे. त्यामुळे या विषयाचा इतिहास शोधायला मला युरोप गाठावासा वाटत नाही; शंभरेक किलोमीटरवरच्या अजिंठ्याला गेलं तरी पुरतं.

आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खूंनी एकाच ठिकाणी राहायचं, हा वर्षावासाचा नियम. त्यामागचं कारण उदासी नव्हे. पावसात हिंडणारे भिक्खू कोवळं गवत आणि जीवजंतू तुडवतात, अशी लोकांची तक्रार होती. पण नियम झाला, आणि दिवस काढायचे आले. अजिंठ्याचं बारा क्रमांकाचं लेणं पाहा. मधे चौक, तीन बाजूंना बारा खोल्या, खिडकी एकीलाही नाही. प्रत्येक खोलीत खडकातच कोरलेले दोन ओटे, झोपायला. चित्रांसाठी आलेले पर्यटक इथे फारसे थांबत नाहीत. मी मात्र त्या दोन ओट्यांपाशी रेंगाळतो. बाहेर वाघोरा नदी फुगलेली, झड लागलेली, आणि आत शेजारी दुसरा माणूस.

विनयपिटकाच्या महावग्गात एक हकिकत आहे. कोसल देशात काही भिक्खू वर्षावासाला एकत्र राहिले. भांडणतंटा नको, म्हणून त्यांनी ठरवलं, तीन महिने कुणी कुणाशी बोलायचंच नाही. आधी येईल त्याने आसनं मांडून पाणी ठेवायचं, मागून येईल त्याने आवरायचं. घडा जड झाला तर हाताने खुणावून दुसऱ्याला बोलवायचं. वर्षावास संपवून ते श्रावस्तीला बुद्धांकडे गेले आणि ‘सुखात राहिलो’ म्हणाले. बुद्धांना ते मुळीच रुचलं नाही. हे तर जनावरांसारखं राहणं झालं, असं त्यांनी सुनावलं आणि असल्या मौनव्रताला मनाई केली.

भांडण नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजणारी घरं आजही काही कमी नाहीत! उदासी हटत नसेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. पण ती कुणाच्या तरी ध्यानात येण्यासाठी आधी घरात बोलणं हवं.

त्या मौनाच्या जागी आली पवारणा. वर्षावासाच्या अखेरीस भिक्खू एकत्र बसत. माझं काही चुकलेलं दिसलं, कानावर आलं किंवा नुसती शंका आली असेल, तरी सांगा, अशी विनंती प्रत्येक जण इतरांना करी. थोरातल्या थोरापासून सुरुवात होई. तोवर पाऊस ओसरलेला असे, वाटा मोकळ्या होत.