नावेचे यंत्र आणि टाकीतील हवा

नावेच्या पाठीमागे अडकवावयाचे यंत्र ही काही एकाच माणसाची कल्पना नव्हे. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन याचा प्रयत्न आधीचा. परंतु ते घरोघर पोहोचविले मिलवॉकीच्या ओल एव्हिनरूडने, १९०९ पासून. दीड अश्वशक्ती, वजन सुमारे ६२ पौंड! वल्ही फेकून द्या, असे त्याच्या पत्नीने लिहिलेली जाहिरात सांगे. शहाणपण मात्र वल्ही नावेतच ठेवण्यात होते.

कारण नीट चाललेले यंत्र मध्येच बंद पडे, आणि वारा तीराकडून वाहत असला म्हणजे नाव दूर लोटली जाई. टाकी यंत्रालाच जोडलेली; पेट्रोल आपल्या भाराने खाली उतरे. झाकणावरील हवेचे छिद्र मिटलेले राहिले की आत पोकळी होई आणि पेट्रोलचा ओघ थांबे. काही वेळाने हवा झिरपून यंत्र पुन्हा सुरू होई, म्हणून दोष बिचाऱ्या स्पार्क प्लगवर जाई. झाकण सैल करून पाहिले असते तर उलगडा झाला असता.

१९४९ मध्ये जॉन्सन कंपनीने १० अश्वशक्तीच्या यंत्राची टाकी वेगळी करून नावेच्या तळाशी ठेवली. आता पेट्रोल वर चढावयाचे, तेही यंत्राने टाकीत भरलेल्या हवेच्या दाबाने. साहजिकच नियम उलटला: झाकणातून हवा निसटली की यंत्र थांबे. पुढे पेट्रोलचा पंप आला आणि छिद्र पुन्हा उघडे राखणे भाग पडले. नळीतील रबरी फुगा तेव्हापासून परीक्षेसही उपयोगी पडतो. यंत्र मंदावताच तो दाबावा. ते सावरले तर दोष पंपात किंवा नळीत शोधावा.