भिडेची बिगार

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं, असा आपल्याकडे एक वाक्प्रचार आहे. आज तो आपण हसत हसत वापरतो. पण गावाशेजारी फौजेचा तळ पडला की पीठ गावाचं, सरपण गावाचं आणि भाजणारे हातही गावाचेच, हा एके काळी रोकडा अनुभव होता. शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणकडच्या आपल्या लष्करी अधिकाऱ्यांना पत्र लिहून ताकीद दिली, की धान्य, लाकूडफाटा, गवत जे लागेल ते बाजारातून विकत घ्या, रयतेला त्रास देऊन नेऊ नका. राजाला अशी ताकीद द्यावी लागते, यावरूनच वहिवाट काय असेल ते समजावं.

या विषयाकडे मी वळलो तो माझ्या छंदामुळे. मी सोयगावचा. मला मोडी वाचता येते आणि निजामाच्या काळातले उर्दू कागदही लागतात. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला आणि आमच्यासारख्यांच्या दारात चपलांची गर्दी झाली. गर्दी कामाची, दामाची नव्हे. "पाचच मिनिटांचं काम आहे, जरा नजर टाका," असं म्हणत ओळखीतले लोक प्लास्टिकच्या पिशवीतून चाळीस-चाळीस कागद काढतात. एका गृहस्थांनी तर कागद वाचून झाल्यावर संध्याकाळपर्यंत टाइप करूनही मागितले. पुढे कळलं, की ते कागद त्यांच्या घरचे नव्हतेच. इतरांकडून ते रीतसर पैसे घेत होते. माझ्याकडे मात्र ओळख सांगत होते!

या प्रकाराला मी वेठ म्हणणार नाही. ज्यांनी वेठ खरोखर भोगली, त्यांचा तो अपमान होईल. पण फुकटच्या कामाचा इतिहास पाहिला, तर हक्काने मागणं आणि भिडेने मागणं यांच्या वाटा एकमेकींना पुन्हा पुन्हा येऊन मिळतात, हे मात्र दिसतं.

'वेठ' हा शब्द आला संस्कृत 'विष्टि'वरून. बिगार आपण फारसीतून घेतली. दोहोंचा अर्थ एकच, मोबदला न देता सक्तीने करून घेतलेलं काम. आपण दोन्ही शब्द जोडून 'वेठबिगार' केला. ही वेठ किती जुनी, हे पाहायला आमच्या तालुक्याबाहेर फार दूर जावं लागत नाही. अजिंठ्याची लेणी सोयगाव तालुक्यात येतात. तिथलं सोळा क्रमांकाचं लेणं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतलं. याच वाकाटक घराण्याच्या दुसऱ्या शाखेचा, प्रवरसेन दुसरा याचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यात चम्मक इथे सापडला. त्यात राजा एक गाव दान देतो आणि त्या गावाला काय काय माफ, याची यादी देतो. सगळ्या प्रकारची विष्टि माफ. पाळीने बैल पुरवणं माफ. फुलं आणि दूध देणं माफ. फिरतीवर आलेल्या माणसांसाठी चारा, बसायला कातडी, शेकोटीला कोळसा, तेही माफ. ही माफी एका दान दिलेल्या गावापुरती. उरलेल्या गावांनी हे सगळं मुकाट्याने पुरवायचं, हे त्या यादीतच लिहिलेलं आहे, फक्त उलट बाजूने वाचावं लागतं.

याहून मला मौज वाटते ती गिरनारच्या शिलालेखाची. इसवी सन १५० च्या सुमारास क्षत्रप रुद्रदामनाने तिथलं सुदर्शन तळं दुरुस्त केलं. शिलालेखात तो अभिमानाने सांगतो, की हे काम मी माझ्या खजिन्यातून केलं. प्रजेला कर, विष्टि आणि प्रणय यांनी पिडलं नाही. प्रणय म्हणजे प्रेम, मग त्याने पीडा कशी होईल? तर प्रणय हे एका वसुलीचं नाव होतं. खजिना रिता झाला की राजा प्रजेकडे 'प्रेमाने' मागत असे. देणाऱ्याला नाही म्हणायची सोय नसे, पण नाव मात्र प्रेमाचं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात या वसुलीचे दर दिले आहेत आणि एक पथ्यही सांगितलं आहे : ही मागणी एकदाच करावी, दुसऱ्यांदा करू नये. प्रेमाच्या नावाने पुन्हा पुन्हा मागितलं की त्यातलं प्रेम संपतं, हे राजनीतीच्या त्या कोरड्या पंडितालाही ठाऊक होतं.

गावगाड्यातही हा गुंता होताच. सुतार, लोहार, चांभार वर्षभर काम करत आणि खळ्यावर बलुतं घेत. म्हणजे मोबदला ठरलेला होता. काम किती, हे मात्र ठरलेलं नसे. याचा सर्वांत जड भार महार वतनदारावर पडला. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायदा दुरुस्त करण्याचं विधेयक मांडलं. नोकरी रात्रंदिवसाची, वतनदार घरी नसला तर बाप किंवा घरातलं दुसरं कोणी धरून न्यायचं, सरकारच्या कुठल्याही खात्याने बोलवावं आणि मोबदला नावापुरता, ही त्यांची तक्रार होती. ते विधेयक मागे घ्यावं लागलं. जुन्या मुंबई इलाख्यात ती वतनं कायद्याने संपायला १९५८ साल उजाडलं. सोयगाव त्या काळी निजामाच्या मुलखात, खानदेशच्या इंग्रजी हद्दीला अगदी लागून. हद्द बदलली म्हणून राबणाऱ्याचं नशीब बदलत नव्हतं. हैदराबाद संस्थानात कर्जापायी राबणाऱ्या 'भगेला' मजुरांसाठी १९३६ मध्ये नियम करावे लागले. तेलंगणात ज्या 'वेट्टी'विरुद्ध शेतकरी उठले, ती वेट्टी म्हणजे आपली वेठच.

उत्तरेत कुमाऊंच्या डोंगरात साहेबांचं सामान फुकट वाहायची सक्ती होती. कोणाची पाळी कधी, याच्या वह्या गावप्रमुखाकडे असत. १९२१ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या जत्रेला बागेश्वरला हजारो लोक जमले आणि बद्रीदत्त पांडे यांच्या पुढाकाराने त्या वह्या सरयू नदीत सोडून देण्यात आल्या. हिशेब एकाच बाजूने ठेवला होता, तो पाण्यात गेला.

२६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने बिगारीवर बंदी आली. इंग्रजी मसुद्यातही शब्द 'बेगार' असाच ठेवला आहे. १९८२ मध्ये एशियाड स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालाने तिचा अर्थ आणखी रुंदावला. मजुराच्या पाठीवर चाबूक नसेल, पण पोटात भूक असेल आणि त्यापायी तो किमान वेतनाहून कमी पैशांत राबत असेल, तर तीही सक्तीच, असं न्यायालयाने सांगितलं. माणूस तोंडाने 'हो' म्हणाला, एवढ्यावर तो राजीखुशीने आला असं होत नाही.

मग फुकट काम करणं वाईटच का? मुळीच नाही. आमच्याकडे सावड आहे. आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही. कोणी वही ठेवत नाही, पण दिवस प्रत्येकाच्या लक्षात असतात. इर्जिकही होती. नांगरट मागे पडलेला शेतकरी शेजाऱ्यांना औत-बैलांसह एक दिवस बोलवायचा. मजुरी नसायची, पण त्या दिवशी त्याच्या घरचं जेवण असं असायचं की महिनाभर नाव निघावं. इर्जिक बोलावणारा दुसऱ्याच्या इर्जिकीला गेला नाही, तर पुढच्या वर्षी त्याच्या बांधावर कोणी फिरकत नसे. म्हणजे गावाने फुकट कामालाही नियम लावले होते : काम एका दिवसाचं, मागणारा स्वतः रानात उभा आणि परतफेड पक्की.

वेठीत यातलं काहीच नसतं. म्हणून तिथलं कामही तसंच उतरतं. मन न लावता केलेल्या कामाला आपण 'वेठ उरकली' म्हणतो. राबणाऱ्यांनी भाषेत नोंदवून ठेवलेला हा शेरा मला फार खरा वाटतो.

भीड भिकेची बहीण, असं जुनी माणसं म्हणत. माझ्या दारात पिशवी घेऊन येणाऱ्यासाठी मी आता सावडीचाच नियम लावला आहे. कागद स्वतःच्या घरचा असेल, तर पहिला कागद फुकट. त्यापुढे दर पानाला पैसे, ते आधी सांगून. ज्याला परवडत नाही, त्याने समोर बसायचं आणि मी वाचेन ते स्वतःच्या हाताने लिहून घ्यायचं. दुसऱ्याकडून पैसे घेऊन माझ्याकडे ओळख काढणाऱ्याला फक्त चहा मिळतो. यामुळे दोन-तीन जण रागावले, येईनासे झाले. पण एक शेतमजूर बाई चार दिवस येऊन सासऱ्यांच्या जमिनीचे कागद ओळीओळीने लिहून घेऊन गेल्या. पाचव्या दिवशी त्या अंगणात पाटीभर वांगी ठेवून गेल्या, आणि ती मी दोन्ही हातांनी उचलून घरात नेली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)